पहिल्या तासाचा चीक

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तू म्हणालीस, "लिहून पाठव, तोंडी सांगताना तू निम्मं गिळतोस." म्हणून लिहितोय. सोबत बर्फाच्या डब्यात सहा बाटल्या आहेत, रक्ताच्या आणि सांध्यातल्या पाण्याच्या. लेबलं मीच लिहिली आहेत, तेव्हा चष्मा लावून वाच.

तीन शिंगरं गेली. आठ दिवसांत तीन. जन्मतात तेव्हा दृष्ट लागावी अशी असतात. पाऊण तासात काटकुळ्या पायांवर उभी राहतात, आईला ढुशा देतात. दुसऱ्या दिवशी दूध तोडतात. तिसऱ्या दिवशी सांधे सुजतात, अंग भट्टीसारखं तापतं, आणि मग झटके. कालचं शिंगरू भिंतीवर डोकं आपटत राहिलं. मी आणि तबेल्यातले दोन मोतद्दार त्याच्या अंगावर पडून त्याला दाबत होतो. एवढासा जीव, पण तिघांना आटोपेना. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या दाढीत वाळलं. शेवटी मीच सुई दिली. आई शेजारच्या कप्प्यात होती. पोर निपचित झाल्याचं तिला कसं कळलं कोण जाणे. मागच्या दोन्ही पायांनी तिनं दरवाज्याची फळी उडवली. ती फळी एका मोतद्दाराच्या तोंडावर बसली. त्याचे समोरचे दोन दात आम्हाला गवतात सापडले.

मालक वेडेपिसे झालेत. कोणीतरी विष घालतंय, असं त्यांनी डोक्यात घेतलंय. संशय सुईणवर. नावावर जाऊ नकोस. सुईण म्हणजे पन्नाशीचा, सहा फुटी, मिशाळ मोतद्दार आहे. घोडी अडली की तोच हात घालून शिंगरू सोडवतो, म्हणून सगळे त्याला सुईण म्हणतात, आणि तोही मुकाट 'ओ' देतो. बायको इथेच दाण्याच्या खोलीत काम करते. प्रत्येक शिंगराला पहिला हात त्याचा लागतो, एवढाच त्याचा गुन्हा. गेल्या महिन्यात रजेवरून मालकांशी त्याची बाचाबाची झाली होती, तीही आता उगाळली जातेय.

अजून वीस घोड्या व्यायच्या आहेत, आणि डॉक्टर मी एकटा. लवकर कळव.

तुझा,
ढब्बू


९ फेब्रुवारी

चि. ढब्बू,

डबा पोचला. बर्फाचं पाणी झालं होतं, पण बाटल्या शाबूत. लेबलांबद्दल काय बोलू? कोंबडीनं शाईत पाय बुडवून नाचावं, तसं.

विषबिष काही नाही. मालकाला आधी ते सांग आणि त्या सुईणच्या मानेवरचा हात काढायला लाव. तिन्ही शिंगरांच्या रक्तात आणि सांध्यांत एकच जंतू आहे, क्लेबसिएला. भारी चिकट प्राणी. प्लेटवर मधाच्या थेंबासारखा जमतो आणि तारेनं उचलला की बोटभर लांब धागा निघतो. माझी मदतनीस म्हणाली, "बाई, याचा तर डिंक करून पाकिटं चिकटवता येतील." तिला मी बाहेर पाठवलं.

तिन्हींच्या जंतूंची जनुकं आम्ही तपासली. एकाच कुळातली, जणू सख्खी भावंडं. म्हणजे उगमही एकच. तो कुठे आहे ते आता शोधायचं. हा जंतू घोडीच्या गर्भाशयात किंवा पैदाशीच्या घोड्याच्या अंगावरही मुक्काम करून असतो.

नवजात शिंगराचं आतडं पहिले काही तास सताड उघडं असतं, हे तुला मी सांगायला नको. चिकातलं संरक्षण आत जावं म्हणून निसर्गानं ते दार उघडं ठेवलंय. पण उघड्या दारातून पाहुणा येतो तसा चोरही येतो. म्हणून पहिल्या सहा तासांत शिंगराला जे जे लागतं त्या प्रत्येक वस्तूचे बोळे फिरवून नमुने घे. घोड्यांची तोंडं, कास, गर्भमार्ग, पाणी, गवत, बादल्या, दोर, फडकी, माणसांचे हात. तुझे हातसुद्धा. प्रत्येक नळकांडीवर नंबर, आणि नंबरांची यादी वेगळ्या कागदावर. लहानपणी दहीहंडीतल्या गोविंदासारखा सगळ्यांच्या वर चढून बसायचास, तसं आता करू नकोस. खाली उतर, गुडघे टेक आणि कोपरे बघ.

तुझी,
मावशी


१९ फेब्रुवारी

मावशी,

अठ्ठावन्न नमुने पाठवतोय. यादी आत आहे.

आता ऐक. तुझं पत्र मी मालकांना वाचून दाखवलं. विष नाही हे ऐकून ते शांत होतील असं वाटलं होतं. ते एकाच वाक्यावर अडले. घोडीच्या गर्भाशयात मुक्काम करून असतो, त्या वाक्यावर. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे घर आतूनच नासलंय." आत जाऊन बंदूक घेऊन आले.

मी म्हणालो, नमुने तपासून येऊ द्या, अजून काही सिद्ध झालेलं नाही. त्यांनी मला बंदुकीच्या दस्त्यानं बाजूला सारलं. ज्यांची शिंगरं मेली त्या तिन्ही घोड्या रिंगणात आणून बांधल्या. पहिली उभीच्या उभी कोसळली. दुसरीनं त्याच क्षणी मान फिरवली आणि गोळी जबड्यातून गेली. दोर तोडून ती पळाली, अर्धा जबडा लोंबतोय अशा अवस्थेत कुंपणावर आदळली, पुन्हा उठली, पुन्हा आदळली. माती, रक्त आणि कुंपणाच्या फळ्या सगळं एक झालं. मालक मागे धावत होते आणि शिव्या घालत होते. तिला आणखी दोन गोळ्या लागल्या. तिसरीला हे सगळं दिसत होतं. ती थरथरत होती आणि तिच्या कासेतून दूध आपोआप गळत होतं. तिच्या वेळेला मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं.

एवढं होऊनही १४ आणि १५ तारखेला आणखी दोन शिंगरं गेली, वेगळ्या घोड्यांची, वेगळ्या घोड्यापासून झालेली. म्हणजे घोड्या मारल्या त्या फुकट. हे मालकांना कळलं, आणि ते त्यांना सहन होईना. १६ तारखेला दुपारी सुईणला रिंगणात बोलावलं. मधल्या खांबाला दोर घालून, अवखळ घोडा धरतात तसं त्याला ओढून धरलं आणि मालकांनी लांब चाबकानं झोडायला सुरुवात केली. "कोणी सांगितलं? कोणाकडून घेतलंस?" आधी तो ओरडला. मग "मालक, मी नाही, पोरांची शपथ" म्हणाला. मग नुसता हुंकारत राहिला. शर्ट पाठीत रुतून बसला होता. शेवटी मालकांच्या ड्रायव्हरनं त्याचा उजवा हात जमिनीवर ठेवून त्यावर बूट दिला. "याच हातानं काढतोस ना?" हाडांचा आवाज झाला. तेव्हा सुईण म्हणाला, "मी केलं. मीच केलं. सोडा." पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. बायको जीपमागे फाटकापर्यंत धावली.

मी बाजूला उभा होतो. मी काय करू शकलो असतो?

एकच शिंगरू ठणठणीत आहे, काळ्या घोडीचं. १२ तारखेला झालं. मी औषधं आणायला शहरात गेलो होतो. परत आलो तेव्हा ते स्वतःहून आईला लुचून गवतात पाय ताणून झोपलं होतं.

ढब्बू


२६ फेब्रुवारी

डॉक्टर,

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. ते वाक्य माझं आहे. 'असतो' असं लिहिलं मी, 'असू शकतो, पण इथे तसं आहे का ते अजून माहीत नाही' असं लिहायला हवं होतं. तीस वर्षं विद्यार्थ्यांना हेच शिकवलं आणि भाच्याला लिहिताना घाई केली. तीन घोड्या माझ्याही खात्यावर आहेत. ते मी कुठेही लपवणार नाही.

आता निकाल. सुईणच्या हातांवर काही नाही. पाणी, गवत, दोर, फडकी, सगळं निर्मळ. मारलेल्या घोड्यांपैकी एकीच्या नमुन्यात क्लेबसिएला मिळाला, पण तो दुसऱ्या कुळातला, या प्रकरणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

फक्त ४१ नंबर. 'नळाखालची निळी बादली.' त्यात तोच जंतू, तेच कुळ, खोऱ्यानं.

निळ्या बादलीत काय धुतात, ढब्बू?

तुझी यादी मी पुन्हा वाचली. तबेल्यात जे जे आहे ते सगळं तिच्यात आहे, अगदी झाडूसुद्धा. बाहेरून जे येतं त्यातलं काहीच नाही. म्हणजे तुझी बॅग. गेल्या वर्षी इथे आला होतास तेव्हा छाती फुगवून सांगत होतास, "आमच्या पागेवर प्रत्येक शिंगराला पहिल्या तासात चीक मिळालाच पाहिजे, म्हणून मी स्वतः नळीनं पोटात सोडतो." नाकातून नळी, मागे हातपंप. प्रत्येक शिंगराला. काळ्या घोडीचं सोडून, कारण त्या दिवशी तू नव्हतास.

नळी आणि पंप दोन्ही न धुता पिशवीत घालून आजच्या आज पाठव. आणि हे पत्र घेऊन पोलीस ठाण्यात जा. चाबकाखाली माणूस वाट्टेल ते कबूल करतो. जंतू करत नाही.

मावशी


६ मार्च

ती. मावशी,

पत्र मिळालं. निळ्या बादलीत सगळेच हात धुतात, तेव्हा तिच्यात काही मिळणं साहजिक आहे. पंप आणि नळी मी प्रत्येक वेळी स्वच्छ करतो. नळी जुनी झाली होती म्हणून २७ तारखेला टाकून दिली, पंपही बदलला. त्यामुळे पाठवता येत नाही.

गेल्या आठवड्यात पाच शिंगरं झाली. पाचही धडधाकट आहेत. मालक म्हणतात, सुईण गेला आणि रोग गेला. लोकही तेच म्हणतात. मी मुद्दाम कोणाला काही सांगितलेलं नाही.

ठाण्यात जायला सवड झाली नाही. दिवसाला एक घोडी विते आहे. सुईणची बायको रोज फाटकाबाहेर येऊन बसते. काल तिनं माझी गाडी अडवली आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला तरी वाटतं का त्यांनी केलं?" मी काच वर केली.

तब्येतीची काळजी घे.

आपला,
भाचा


११ मार्च

डॉक्टर,

'ती. मावशी' आणि 'आपला' वाचून हसावं की रडावं कळेना. माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याची भाषा शर्टाची बटणं लावून बसते.

रोग सुईण गेल्यापासून थांबला की नळी गेल्यापासून? सुईणला १६ तारखेला नेलं. नळी तू २७ ला टाकलीस, म्हणजे माझं पत्र हातात पडल्याच्या दिवशी. मधल्या अकरा दिवसांत किती शिंगरं झाली, किती मेली, हे तू दोन्ही पत्रांत लिहिलेलं नाहीस. तुमच्या पागेवरून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जाणारा मृत्यूचा तक्ता मी मागवला. २३ तारखेला एक. सहावं. तेव्हा सुईण कोठडीत होता आणि त्याचा हात चिरडलेला होता. तो कुठला हात घालणार होता?

तुझ्याकडून चूक झाली म्हणून मी तुला बोलत नाही. तेवीस घोड्या, एक डॉक्टर, झोप नाही, जंतुनाशक संपलेलं असेल, घाईत बादलीत खंगाळलेली नळी. चूक होते. चूक तर मीही केली. पण दुसऱ्या माणसाची हाडं मोडलेली असताना, तो तुझ्या चुकीपायी कोठडीत असताना तू दुकानात जाऊन नवी नळी विकत घेतोस! आणि त्याच्या बायकोच्या तोंडावर काच वर करतोस!

मी माझा रिपोर्ट लिहिला आहे. माझं ते अर्धवट वाक्य त्यात जसंच्या तसं ठेवलंय आणि त्यामुळे काय झालं तेही. २० तारखेला तो ठाण्यात आणि सरकारी दवाखान्यात जाईल. त्याआधी तू गेलास तर तू गेलास. नाहीतर माझा कागद जाईल. नऊ दिवस आहेत.

तुझी आई पाच वर्षांची असताना मी तिला विहिरीतून वर काढलं होतं. तेव्हा ती माझे केस इतके ओढत होती की मला वाटलं दोघी बुडू. तिला मी सोडलं नाही. तुलाही सोडणार नाही, पण तू केस ओढू नकोस.

मावशी


१८ मार्च

मावशी,

हे नर्सबाईंकडून लिहून घेतोय. माझ्या गळ्याजवळचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या आहेत आणि एक डोळा पुरता मिटलाय. नर्सबाईंचं अक्षर चांगलं आहे. तेवढा तरी फायदा.

नळी टाकली हे खरं होतं. पंप टाकला नव्हता. औषधांच्या कपाटात मागे सारून ठेवला होता, का ते मलाही सांगता येणार नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी दार लावून तो उघडला. दट्ट्याभोवतीचा रबरी वायसर सुरीनं उचकटला. खाली तपकिरी, बुळबुळीत थर होता, जुन्या चिकाचा. सुरीच्या टोकाला लावून वर उचलला, तर धागा निघाला. बोटभर. तुझ्या प्लेटवर निघतो तसा.

थर बघून उमगलं. प्रत्येक शिंगराला मी पहिल्या तासात, दार सताड उघडं असताना, हे पाजलं होतं. सहाही जणांना. आणि माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं असं नाही.

१४ तारखेला पंप पिशवीत घालून मालकांकडे गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं बंदूक काढतील. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "हे अजून कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. तीन घोड्या मी स्वतःच्या हातानं मारल्या. त्यातली मधली मी अंगाखांद्यावर वाढवलेली होती. आता तू सांगणार, ते उगाच झालं? सुईणनं केलंय. त्यानं कबूल केलंय. तू नवा पंप आणलास, पोरं जगताहेत. काम कर जा."

मावशी, एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. हे नर्सबाईंना लिहायला सांगताना लाज वाटतेय, पण वाटलं. दार उघडंच होतं. नुसतं मान हलवून बाहेर पडायचं.

मी म्हणालो, "मी ठाण्यात जातोय."

फाटकापर्यंत पोचलो. तिथे ड्रायव्हर आणि दोघं जण उभे होते. पहिला फटका फावड्याच्या दांड्याचा, खांद्यावर. खाली पडलो आणि पिशवीवरच पालथा झालो. ती त्यांना माझ्याखालून ओढता येईना. ते लाथा घालत राहिले. एकेक बरगडी मोडताना मला आतून ऐकू येत होती. ड्रायव्हर म्हणत होता, "सोड ना रे, कशाला मरतोस एका पंपासाठी?" तेवढ्यात नाल ठोकायला येणारा नालबंद त्याच्या टेम्पोतून आला. तो हातोडा घेऊनच उतरला. ड्रायव्हरच्या गुडघ्यावर एक घातला आणि बाकीच्या दोघांना म्हणाला, "पुढचा कोण?" कोणी नव्हतं.

त्यानं मला टेम्पोत लोखंडाच्या तुकड्यांवर आडवं टाकलं आणि ठाण्यात नेलं. पिशवी मी इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवली. जबाब दिला, मग बेशुद्ध पडलो. पंप सील होऊन तुझ्याकडे निघालाय.

सुईणला काल सोडलं. हाताची चार बोटं वाकडीच जुळली आहेत. आता त्याच्यानं घोडी सोडवणं होणार नाही.

ढब्बू


२७ मार्च

चि. ढब्बू,

पंपातला जंतू तोच. बादलीतला, सहाही शिंगरांतला (नंतरच्या तिघांचे नमुने सरकारी दवाखान्यातून मागवले), सगळे एका आईची लेकरं. उगम सापडला. रिपोर्ट पूर्ण झाला.

तू माझ्या मुदतीच्या सहा दिवस आधी गेलास. मला वाटलं होतं जाणार नाहीस. तुला मी चुकीचं वाचलं, त्याबद्दल कान पकडते.

पण एक आहे. रिपोर्टाला जोडायला पोलिसांनी मला सगळ्यांच्या जबाबाच्या प्रती पाठवल्या. सुईणच्या जबाबात आहे की त्याला खांबाला दोर घालून ओढून धरलं होतं. गाठ मारली नव्हती, ओढून धरलं होतं. तुझ्या पत्रातही तेच शब्द आहेत. चाबूक मालकाच्या हातात. बूट ड्रायव्हरचा. बाकीच्या मोतद्दारांना बाहेर काढलं होतं.

मग दोर कोणी धरला होता?

सुईणनं ते नाव सांगितलेलं नाही. त्याला विचारलं असावं, कारण खाली इन्स्पेक्टरनं लिहिलंय, 'आठवत नाही असे म्हणतो.' तुझ्या जबाबात तू 'बाजूला उभा' आहेस.

मला उत्तर लिहू नकोस. जिथे द्यायचं तिथे दे.

हाड जुळायला सहा आठवडे लागतात. दूध पी.

मावशी


९ एप्रिल

मावशी,

काल कोर्टात साक्ष झाली. आता मी स्वतः लिहितोय, म्हणून अक्षराला हसू नकोस.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठे होता?" समोर माझाच जबाब होता. माझा वकील माझ्याकडे बघत होता, मालक बघत होते. सुईण मागच्या बाकावर बायकोशेजारी बसला होता, हात पदराखाली झाकावा तसा शर्टाखाली घेऊन. तो बघत नव्हता.

मी म्हणालो, "दोर माझ्या हातात होता."

मग सगळं बाहेर आलं. मालक म्हणाले होते, "डॉक्टर, तू धर, तुला घोडे धरायची सवय आहे." मी धरला. टाच रोवून, मागे झुकून धरला. चाबकाचा प्रत्येक फटका दोरातून माझ्या तळव्यात येत होता. नवव्या-दहाव्या फटक्याला सुईणनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच वेळी पहिल्यांदा नळीचा विचार माझ्या डोक्यात आला. म्हणजे नक्की काही नाही, नुसता चाटून गेला. तबेल्यात सगळ्यांत आधी शिंगराच्या पोटात जातं ते माझ्या नळीतून. मी तो विचार परत आत ढकलला. आणि दोर आणखी आवळला. हे मी कोर्टात सांगितलं, याच शब्दांत. टंकलेखकाचे हात थांबले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "लिहा."

मालकांना तिथूनच कोठडीत नेलं. माझा परवाना गेलाच आहे. शिक्षाही होईल. वकील म्हणतो, गप्प बसला असतात तर साक्षीदार म्हणून सुटला असतात, दोराचं विचारलं कोणी होतं? मी म्हणालो, विचारलं होतं.

बाहेर व्हरांड्यात आलो, तर सुईणची बायको समोर. दोराचं तिला साक्षीपर्यंत काहीच माहीत नव्हतं. नवऱ्यानं सांगितलंच नव्हतं. तिनं पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. मग दुसऱ्या बाजूनं. मग जुळत आलेल्या खांद्यावर, आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी हात वर केला नाही. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणत होती, "गाडी अडवून विचारलं होतं मी तुम्हाला." शिपाई धावला. पण त्याआधी सुईणनं तिचं मनगट धरलं, त्या वाकड्या बोटांनी, जेमतेम.

"पुरे," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"मग जबाबात का नाही सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"डॉक्टर स्वतःहून सांगतात का, ते बघायचं होतं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रिंगणात बघितलं होतं तसं नाही, घोडीच्या पोटावर हात ठेवून आत काय आहे याचा अंदाज घेताना तो बघायचा, तसं.

"तर डावा हात अजून धड आहे," तो म्हणाला.

तो हसत नव्हता. बायकोनं चप्पल पायात घातली आणि दोघं जिना उतरून गेली.

ढब्बू